तीनदा लाल

धोंडीबा आल्हाटचा हात माणसावर पहिल्यांदा पडला तो मोशीच्या आखाड्यात, आणि त्याबद्दल त्याला फेटा मिळाला. पुढं त्याच हाताबद्दल पगार मिळाला. हात तोच, जोर तोच. फरक एवढाच की आखाड्यात समोरचाही लंगोट लावून तयारीनं उभा असायचा.

बासष्टच्या सुमारास पिंपरीपासून भोसरीपर्यंत माळावर शेड उठू लागल्या. मोशीची पोरं सायकली मारत कामाला जाऊ लागली. धोंडीबाला मशिन येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. भोसरीच्या रस्त्याला पंप करणारा एक कारखाना होता, त्यानं त्याला गेटवर उभा केला. खाकी कपडे, काठी, शिट्टी. कामगार त्याला तोंडावर पैलवान म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

दारावर उभं राहणं हे काम नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एक पाळी उभं राहून बघावं. पोटऱ्यांत शिसं भरतं. धोंडीबा बसायचा नाही. शिफ्ट सुटली की तो माणसं बघायचा. कोण नजर चुकवतो, कोणाचा डबा जड दिसतो, कोण उगाच हसतो. संशय आला की बोट दाखवायचा. तो माणूस झडतीच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती. माल निघाला तर आधी धोंडीबाचा हात चालायचा, मग पोलीस यायचे. नाही निघाला तरी एखादी बसायचीच, पुढच्या वेळेसाठी.

त्याचा अंदाज बऱ्याचदा खरा निघायचा. पण त्या अंदाजात गावही होतं. मोशीत लहानपणापासून जे शिकला तेच डोळ्यांत घेऊन तो गेटवर उभा राहायचा. टूलरूमला ग्राइंडरवर ज्ञानदेव ओव्हाळ नावाचा माणूस होता, दिघीला राहायचा, बौद्ध समाजाचा. त्याला बोट हमखास लागायचं. ज्ञानदेव खिसे आपणच उलटे करून दाखवायचा.

"बघ पैलवान, नीट बघ. अस्तरात पन बघ. तुझ्या बापाचा वाडा लपवलाय तिथं."

यावर त्याला दोनदा कानाखाली बसली होती. तिसऱ्यांदाही तो तेच बोलला.

मग खोकं आलं.

लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार कंपनीनं सुरक्षेला नेमले होते. धोंडीबाच्या बोटावरून युनियनची भांडणं व्हायला लागली, तेव्हा त्यांनी ते मागवलं. लाकडी खोकं, गेटच्या भिंतीला ठोकलेलं. वर दोन दिवे, खाली एक बटण. प्रत्येकानं जाताना बटण दाबायचं. हिरवा लागला की घरी. लाल लागला की झडती. आत एक दातेरी चाक होतं. बटण दाबलं की चाक एक दात पुढं सरकायचं. काही दातांजवळ पितळी खुंटी ठोकलेली. खुंटी आली की लाल. सुभेदारांचा हुकूम असा की शिफ्ट सुटायच्या आधी धोंडीबानं किल्लीनं खोकं उघडायचं, चाक पांढऱ्या खुणेवर आणायचं, कुलूप लावायचं. सुभेदारांना प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सुरू झालेली लागायची.

खोकं सगळ्यांना आवडलं. हे खोटं नाही. ज्ञानदेव तर पहिल्याच दिवशी हिरवा लागल्यावर मागं वळून म्हणाला, "पैलवान, ह्याला बघ कशी जात न्हाई."

धोंडीबालाही बरं वाटलं. आता कुणावर बोट दाखवायला नको. शिव्या नकोत. दिवा सांगेल त्याला आत घ्यायचं. पहिल्या महिन्यात तो सवयीनं माणसांचे चेहरे बघत राहिला. दुसऱ्या महिन्यापासून तो फक्त दिव्याकडं बघायला लागला. मानेला त्रास कमी. वर्षभरात अशी वेळ आली की समोरून कोण गेलं हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. लाल लागला का, एवढं सांगता आलं असतं.

खोक्याला कारखान्यात कौल म्हणू लागले. हे नाव धोंडीबानंच पाडलं. मोशीत भैरोबाला कौल लावतात. दगडाच्या दोन्ही अंगांना पाण्यानं कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, हरवलेला बैल, सगळं विचारतात. गुरवाला ठाऊक असतं की दगडाला चिकटली ती साधी झेंडूची कळी. तरी कौल तो कौल. तसंच धोंडीबाचं. चाक त्यानं रोज हातानं फिरवलं, खुंट्या डोळ्यांनी बघितल्या, आणि तरी दिवा लागला की त्याला वाटायचं, काहीतरी समजल्याशिवाय लागला नाही.

गावचा दंडक होता की एकदा पडलेल्या कौलावर कुणाचं वाटोळं करू नये. तीनदा विचारावं. तीनदा एकच पडला तर मग देवाचं बोलणं.

चौऱ्याहत्तर साली कारखान्यातून पितळेचे बुश जायला लागले. पंपात बसतात तसल्या जाड बांगड्या. आधी मूठभर, मग पेटीच्या पेटी. कंपनीनं नोटीस लावली, चोर मिळेपर्यंत ओव्हरटाइम बंद. घराघरांत जेवणाच्या ताटावर भांडणं सुरू झाली. जो तो शेजारच्याकडं बघू लागला. प्रेस शॉपचा रंगराव गेटवर ओरडायचा, "सापडू द्या भडव्याला, हितंच गाडतो." रंगरावचा आवाज मोठा आणि हात जड. लोक त्याच्या मागं असायचे.

सुभेदारांनी शिस्त वाढवली. तोपर्यंत माणसं झुंडीनं सुटायची, कोण पुढं कोण मागं ठरलेलं नसायचं. आता त्यांनी रांग लावली. आधी टूलरूम, मग प्रेस शॉप, मग बाकीचे. रांगेत कार्डाच्या नंबराप्रमाणं उभं राहायचं.

पहिल्या दिवशी मीरासाहेबला लाल लागला.

मीरासाहेब टूलरूमचा फिटर. काळेवाडीच्या चाळीत बायको खैरुन्निसाबरोबर राहायचा. लोखंड घासायची कानस चालवायला बसला की खांद्यापासून मनगटापर्यंत हात एका रेषेत जायचा, पत्रा आरशासारखा सपाट करायचा. कमी बोलणारा. रजा घेत नव्हता, उशीर करत नव्हता. झडतीत खिशातून फणी निघाली आणि साबणाची चकती. धोंडीबानं त्याला सोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीरासाहेबला लाल. रांगेत कुजबुज झाली. संध्याकाळी ती चाळीत पोचली. नळावर खैरुन्निसाची घागर कुणीतरी लाथेनं उडवली.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या आधीच रंगराव आणि त्याची माणसं गेटजवळ येऊन उभी होती. मीरासाहेब बटणाजवळ आला. त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला, आणि पुसला हेही सगळ्यांनी बघितलं. दाबलं. लाल.

"तिसरा!" कुणीतरी ओरडलं. "तिसरा कौल!"

धोंडीबाच्या डोक्यात काहीतरी बसलं, कडी बसावी तसं. त्यानं मीरासाहेबला गळपट्टीला धरून खोलीत ओढला. दार लावायला झालं नाही, माणसं आत घुसली. रंगरावनं पहिली लाथ घातली. मीरासाहेब भिंतीवर आपटून खाली पडला, त्याचं नाक फुटलं. डबा उघडला, रिकामा. कपडे फाडले, काही नाही.

"कुठं ठिवलंस? बोल!" धोंडीबानं त्याचा उजवा हात पाठीमागं पिरगाळला.

"काय ठेवू? धोंडीबा, मी तुला रोज रामराम घालतो रे..."

"तीनदा लागलाय. तीनदा! खोटा लागंल का?"

"मला काय माहीत का लागतो!"

"पैलवान, वर घे अजून," रंगराव म्हणाला.

धोंडीबानं हात वर घेतला. आखाड्यात समोरचा जमिनीवर थाप मारतो, मग सोडायचं असतं. इथं थाप मारायला मीरासाहेबचा दुसरा हात मोकळा नव्हता, त्यावर कुणीतरी उभा होता. कोपर गेलं. ओला ऊस मोडावा तसा आवाज झाला. मीरासाहेबच्या तोंडातून किंकाळी नाही आली, नुसता श्वास बाहेर पडला, आणि मग तो कुशीवर वळून ओकला.

माणसं मागं सरली. रक्त, ओकारी, फणी, साबणाची चकती. पितळ कुठंच नव्हतं.

कंपनीनं लिहिलं, झटापटीत पडला. त्या संध्याकाळी चाळीत मीरासाहेबच्या दारावर दगड पडले. खैरुन्निसानं आत फळकूट लावून दार दाबून धरलं. बाहेरून हाका येत होत्या, आठवड्यात खोली खाली करा, चोरांना इथं जागा नाही.

धोंडीबा घरी जेवला. बायको कस्तुराला सगळं आधीच कळलं होतं. भाकरी टाकून ती म्हणाली, "घावलं का काय त्याच्यापाशी?"

"न्हाई."

"मग?"

"तीनदा लागला, कस्तुरा. देवाचं पन तीनदाच असतं."

कस्तुरानं चुलीतलं लाकूड पुढं ओढलं आणि त्याच्याकडं पाठ केली. धोंडीबाला ते शिवीपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मीरासाहेबचं कार्ड रॅकमध्ये तसंच राहिलं. त्याच्या मागचा माणूस एक जागा पुढं सरकला. मागचा माणूस होता ज्ञानदेव. त्यानं बटण दाबलं. लाल.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा ज्ञानदेव. पुन्हा लाल.

झडतीत ज्ञानदेवनं नेहमीसारखे खिसे उलटे केले, पण या वेळी बोलला नाही. गेटबाहेर रंगराव उभा होता. तो जमिनीवर थुंकला. "आज दुसरा. उद्या आमी जेवून येतो, राव. दमानं."

ज्ञानदेव धोंडीबाकडं वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "उद्या रजा टाकली तर म्हनतील पळाला. आलो तर हात जातोय. ग्राइंडरवाल्याला हात लागतो, पैलवान. तू सांग, काय करू?"

 धोंडीबानं बऱ्याच दिवसांनी माणसाच्या तोंडाकडं बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या आधी त्यानं खोकं उघडलं. चाकाला बोट लावलं, फिरवलं, पांढऱ्या खुणेवर आणलं. रोजचंच काम. बोट तसंच चाकावर राहिलं.

त्याला गुरवाचा हात आठवला. कौल पडला आणि पुन्हा विचारायचा असला, तर गुरव आधी दगड धुतो. जुन्या कळ्या झटकतो, नव्या लावतो, नवं पाणी घेतो. एकदा त्याच्या बापानं घाईनं म्हटलं होतं, "राहू दे की तीच, पुन्हा विचार." गुरव खवळला होता. "आरं, त्याच कळीला तीनदा इचारलं तर त्यो एकच कौल! तीनदा म्हंजी तीनदा मांडायचा."

धोंडीबानं खुंट्यांवरून बोट नेलं. खुणेपासून पहिली खुंटी. तिच्याजवळचा दात. रोज तीच खूण, रोज तीच खुंटी, आणि आता रोज तीच रांग. रांगेच्या मागच्या भागात रोज कुणी ना कुणी गैरहजर असतं, म्हणून तिथले लाल फिरत राहतात. पुढं टूलरूमची ही नेमाची माणसं. न चुकता येणारी, न चुकता त्याच जागेवर उभी राहणारी. मीरासाहेब एकही दिवस चुकला नव्हता म्हणून सापडला होता. आणि चाक खुणेवर आणणारा हात धोंडीबाचा होता. एकच कौल त्यानं तीन दिवस वाचला होता.

तो सुभेदारांच्या केबिनमध्ये धावला. सुभेदार चहा पीत होते.

"साहेब, चाक खुणेवर आणायचं बंद करा. दिवा जागेला लागतो, मानसाला न्हाई."

"ऑर्डर आहे ना तुला?"

"आहे साहेब, पण त्या मीरासाहेबचा..."

"मग ऑर्डरप्रमाणं कर. डोकं चालवायला तुला ठेवलेला नाही."

चाक गुपचूप दोन दात पुढं सरकवून ठेवता आलं असतं. ज्ञानदेव वाचला असता. धोंडीबानं तोही विचार केला. पण मग मीरासाहेब चोरच राहिला असता, मोडक्या हाताचा, बिनखोलीचा. भोंगा झाला. धोंडीबानं खोक्याला कुलूप लावलं नाही. किल्ली तशीच लोंबत ठेवली आणि गेटमध्ये आडवा उभा राहिला.

रांग आली. रंगरावची माणसं बाजूला जमली. कुणीतरी सायकलची चेन मुठीला गुंडाळली होती.

"थांबा," धोंडीबा म्हणाला. "टूलरूमवाले, एकेक दाबा. ज्ञानदेव, तुझी जागा आली की रांगेतनं भाईर नीघ."

"का रं? पळवतोस व्हय त्याला?" रंगराव पुढं आला. "किती दिलं त्यानं?"

पुढची माणसं दाबत गेली. हिरवा, हिरवा, हिरवा. ज्ञानदेव बाहेर निघाला. धोंडीबानं रंगरावची मान पकडली. रंगरावनं कोपर मारलं, धोंडीबाचा ओठ फाटला, पण पकड सुटली नाही. त्यानं रंगरावला रांगेतल्या त्या जागेवर ओढला आणि त्याचा अंगठा धरून बटणावर दाबला.

लाल.

 मागून एकजण हसला. "रंग्या, पितळ काढ!"

"ह्यानं काहीतरी केलंय!" रंगराव ओरडला.

"केलंय. रोज करतोय." धोंडीबानं खोकं सताड उघडलं. "बघा. ही खूण. ही खुंटी. मी रोज चाक हितं आणतो. आता पुन्हा आणतो. पुढं होते ते पुन्हा या, पुन्हा दाबा. त्या जागेवर मी हाय."

टूलरूमची माणसं परत आली आणि त्याच क्रमानं दाबत गेली. हिरवे लागत गेले. त्या जागेवर धोंडीबा उभा राहिला, खाकी कपड्यांत, आणि त्यानं दाबलं.

लाल.

"दिवा चोर वळखत न्हाई," तो म्हणाला. "जागा वळखतो. मीरासाहेब फकस्त हितं उभा होता."

 ज्यांनी त्या दिवशी तिसरा म्हणून आरोळी ठोकली होती, ते जमिनीकडं बघत होते. मग प्रेस शॉपमधला कुणीतरी बोलला, सावकाश, स्वतःशीच बोलावा तसा.

"म्हंजी त्याचा हात फुकट मोडला."

"पैलवाननं मोडला," दुसरा म्हणाला.

"पैलवाननंच."

इतका वेळ ज्या रागाला कुठं जायचं कळत नव्हतं, त्याला वाट मिळाली. रंगरावचा ठोसा पहिला आला. मग चेन. गेली कित्येक वर्षं झडतीच्या खोलीत ज्यांनी मार खाल्ला होता ते सगळे पुढं आले. धोंडीबा पैलवान होता, चार जण त्याला सहज अंगावरून उडवता आले असते. त्यानं हात उगारले नाहीत, नुसते डोक्याभोवती घेतले. गुडघा गेला, तो खाली बसला. कुणीतरी बुटानं कानावर मारलं. आत काहीतरी फाटलं आणि आवाज एका बाजूनं बंद झाले. माती तोंडात गेली. रक्तानं ती ओली झाली.

ज्ञानदेव गर्दी फोडत आला. धोंडीबाला वाटलं, हा सोडवायला आला. ज्ञानदेवनं त्याला केसांना धरून मान वर केली आणि सणसणीत एक कानाखाली ठेवून दिली.

"माझी उधारी होती," तो म्हणाला. "झाली." मग तो धोंडीबावर आडवा पडला आणि ओरडला, "बास! आता ज्याला मारायचाय त्यानं आधी मला मारायचा!"

माणसं हळूहळू पांगली. चेन कुणीतरी गटारात टाकली.

उजव्या कानानं धोंडीबाला पुढं कधी ऐकू आलं नाही. उठता यायला लागल्यावर तो काळेवाडीला गेला. खैरुन्निसानं दार अर्धं उघडलं. आत खाटेवर मीरासाहेब प्लास्टरमध्ये पडला होता, भिंतीकडं तोंड करून.

"भाभी, मी चुकलो."

"माझ्या दारात कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "दारात आम्ही दोघंच आहोत. चोर म्हणताना सगळी चाळ होती. सकाळी नळाला पाणी येतं. तिथं ये, आणि तिथं सांग."

सकाळी तो गेला. बायका, बापे, बादल्या, रांग. एक डोळा अजून सुजलेला होता. त्यानं मोठ्यानं सांगितलं. एका कानानं बहिरा माणूस बोलतो त्याहून मोठ्यानं सांगितलं. चाकाचं, खुणेचं, जागेचं. शेवटी म्हणाला, "मीरासाहेबनं काय बी घेतलं न्हाई. हात मी मोडला."

नळावर पाणी वाहत राहिलं. एक म्हातारी म्हणाली, "आन् दगड आमी टाकले." तिनं आपली भरलेली घागर उचलून खैरुन्निसाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. खोली खाली करायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

पितळ पुढच्या पावसाळ्यात सापडलं. कँटीनच्या उष्ट्याच्या पिंपातून ते मागच्या दारानं जात होतं. खोकं माणसांना लावलं होतं, पिंपांना नव्हतं. खोकंही तिथंच राहिलं. सुभेदारांनी फक्त हुकमातली एक ओळ काढली, चाक खुणेवर आणू नये. पण बोलायची रीत गेली नाही. त्या पट्ट्यात अजूनही कुणाविषयी वाईट बोलायचं असलं की म्हणतात, त्याला दिवा लागलेला हाय.

मीरासाहेबचं कोपर वाकडं जुळलं. कानस त्या हातात पुन्हा बसली नाही. रहाटणीला रस्त्याकडेला त्यानं सायकलचं दुकान टाकलं. चाकातला वाकडेपणा काढायला दोन हात लागतात. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं तारा आवळायच्या. डाव्या हातानं आवळायला तो शिकला. धरायला हात नव्हता.

धोंडीबा सुट्टीच्या दिवशी मोशीहून सायकल मारत यायचा आणि दुकानात खाली मांडी घालून बसायचा. मीरासाहेबनं त्याला कधी ये म्हटलं नाही, कधी जाही म्हटलं नाही. चहा मागवला तर एकच मागवायचा. अशी बरीच वर्षं गेली. गिऱ्हाइकांना वाटायचं, नोकर आहे.

मीरासाहेब चाक फिरवायचा, डोळे बारीक करून बघायचा, जिथं डगमगतं तिथं बोट टेकवायचा. मग बोलायचा, धोंडीबाच्या चांगल्या कानाच्या बाजूनं, एवढंच.

"धर."

धोंडीबा धरायचा, तारा पूर्ण आवळून होईपर्यंत, बोटं पांढरी पडली तरी.

"सोड."